टाकीच्या तळाची चीर

मित्रांनो, वाकोल्याच्या एका चाळीमागे, बदामाच्या झाडाखाली, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेली जुनी सिमेंटची टाकी म्हणजे मी. मला बांधलं तेव्हा नारळ फोडला होता. पहाटे नळाला पाणी आलं की मी भरायचे आणि बारा बिऱ्हाडांच्या हंड्या-कळशांत रिकामी व्हायचे. माणसं पाणी न्यायची, पण आत कुणी डोकावायचं नाही. झाकण फुटलं, बदामाची पानं पडत राहिली, पोटात गाळ साचला. फार एकटं वाटायचं हो.

सत्त्याऐंशी साली चाळीत कावीळ आली. काशीरामची सहा वर्षांची शुभा त्यात गेली. तेव्हापासून काशीराम रोज माझ्यात ब्लीचिंग पावडर टाकू लागला, एका चमच्याच्या जागी चार. पाण्याला उग्र वास सुटला की त्याचा जीव भांड्यात पडायचा. त्याची धाकटी प्रेमा ते पाणी नाक दाबून प्यायची. आणि मी खुळी, कुणीतरी रोज येतं म्हणून खूश!

शेजारची सुलक्षणा पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तो वास तिला सोसेना. एका रविवारी तिने बॅटरी आणून आत पाहिलं.

"काका, आत पाला कुजलाय. पावडर त्याच्यात मिसळली की भलतीच रसायनं तयार होतात. वर्षानुवर्षं पोटात गेली तर कॅन्सरची भीती असते."

काशीरामने पावडरचा डबा खाली ठेवला. "म्हणजे प्रेमाक मीच... मगे बंद करू काय गो? माझा चेडू, माझी शुभा, काविळीन गेला!"

"बंद अजिबात नाही! कावीळ त्याहून मोठा धोका. आधी गाळ काढा, मग मापात घाला."

त्याच दुपारी तो घमेलं घेऊन माझ्या पोटात उतरला. गाळ निघाला आणि तळाशी बोटभर चीर दिसली. पलीकडच्या गटाराचं पाणी तिथून आत झिरपत होतं. काशीरामने त्या चिरेत बोट घालून पाहिलं. शुभा गेली तेव्हा चारचौघांत न रडलेला तो बाप माझ्या आत हमसून हमसून रडला.

आता चीर बुजली आहे, झाकण घट्ट आहे, पावडर मापात पडते. प्रेमा नाक न दाबता पाणी पिते. काशीराम मात्र इकडे फिरकत नाही.

मित्रांनो, औषध घाला, पण त्याआधी टाकी रिकामी करून तळ बघा. ती चीर मला कितीतरी वर्षं ठसठसत होती. पण मला विचारलं कुणी?