पडद्यावरची मधली जागा

आमच्या फोटो स्टुडिओत एकच पडदा होता आणि तो बायकोने रंगवलेला होता. डावीकडे कमानींचा दगडी पूल, उजवीकडे पाणचक्की, मागे टेकडी आणि टेकडीवर दगडी कुंपणांनी पाडलेले शेतांचे तुकडे. नवी जोडपी, नुकती बसायला लागलेली पोरं, निवृत्त होणारे हेडमास्तर, निम्मं शहर त्या पुलाशेजारी उभं राहून गेलं. पडदा विटला की ती नवा रंगवायची, पण गाव तेच.

हे गाव तिने बियाणांच्या दुकानाच्या कॅलेंडरवरून उचललं होतं. त्या दुकानदाराची अक्कल अशी, की एवढ्या देखण्या चित्राच्या बरोब्बर मधोमध त्याने आपली जाहिरात छापली होती. कडेकडेने गाव आणि मधे ठळक अक्षरांत भोपळ्याचं बी. हिने कडा हुबेहूब उतरवल्या आणि मधे फिकट हिरवा रंग फासून दिला. धंद्याला ते सोयीचंच पडलं. मधे गिऱ्हाईक उभं राहणार. त्याच्या डोक्यातून झाड उगवलेलं दिसलं तर तो फोटो घेऊन भांडायला येतो.

पण तिला ते कायम खुपत राहिलं. "अहो, तिथे काहीतरी असणारच. विहीर असेल, बाजार असेल. मी आपली रंग फासून मोकळी झाले."

"कुणी विचारलंय का तुला?" मी म्हणायचो.

"कुणी विचारलं नाही म्हणून काय झालं?"

गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. कडेची नजर शाबूत राहील, मधली जाईल. ज्याच्याकडे रोखून बघावं तेच पुसलं जाणार आणि आजूबाजूचं सगळं जागच्या जागी. एक डोळा गेल्यातच जमा होता, दुसरा त्याच वाटेवर. परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "माझ्याच पडद्यासारखं झालं की हो." हसावं की रडावं, मला कळेना. घरी आल्यावर चप्पलसुद्धा न काढता म्हणाली, "मला ते गाव बघायचंय. मधे काय आहे ते बघायचंय. दिसतंय तोवर."

लेकीने जुन्या पडद्याचा फोटो मोबाइलला दाखवून गावाचा पत्ता चुटकीसरशी काढला. मी बरीच कुरकुर केली. गुडघे, प्रवास, तिकडचं पाणी, हाताला लागतील ती कारणं पुढे केली. खरं कारण एकच होतं. तिला उशीर झाला असेल, याची मला भीती वाटत होती. हल्ली चहा ओततानासुद्धा ती कपाच्या शेजारी बघायची.

बसने आम्हाला पुलापाशीच सोडलं, आणि माझी कुरकुर तिथेच बंद पडली. आयुष्यभर ज्याच्याकडे पाठ करून लोकांना उभं केलं, तो पूल समोर होता, आणि त्याच्याखालून चक्क पाणी वाहत होतं. आमच्या पडद्यावरचं पाणी कधी हललं नव्हतं. इथलं खळखळत होतं, दगडांवर आपटून दोन वाटांनी जात होतं आणि पुढे पुन्हा एक होत होतं. मला वेड्यासारखा आनंद झाला.

गावात एकही घर उगाच बांधलेलं वाटेना. भिंती इतक्या जाड, की खिडकीत मांडी घालून बसता यावं. आम्ही उतरलो त्या घराचे जिने मधोमध झिजून खोलगट झाले होते. किती पिढ्यांचे पाय पडले असतील त्यांवर! लोहाराच्या भट्टीत आता सायकली दुरुस्त होत होत्या, पण ऐरण जागची हलली नव्हती. चक्की अजून दळत होती. चक्कीवाल्याच्या भुवयांवरसुद्धा पीठ होतं, आणि दळण चालू असताना तो आमच्याशी एक अक्षर बोलला नाही. मला तो माणूस एकदम आवडला.

बायको कोंबडीसारखी मान तिरकी करत सगळं बघत होती. जे बघायचं त्याच्या जरा बाजूला नजर ठेवायची, ही युक्ती तिने स्वतःच शोधून काढली होती. शिवाय हात होतेच. पुलाचा कठडा तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला. "मी सरळसोट काढला होता हो. हा तर मधे छान वाकलाय. आणि चक्कीचं चाक मी केवढं दांडगं काढून ठेवलं!" स्वतःच्या चुका सापडल्यावर एवढी खूश झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

मधली जागा मात्र अशी फिरून सापडणार नव्हती. कुठून काय मधे येतं, हे चौकट धरल्याशिवाय कळत नाही. मी घरमालकिणीला पडद्याचा फोटो दाखवला. ती म्हणाली, "हे वरच्या शेताच्या फाटकापासून. शेत माझंच आहे, चला, मी नेते."

वाट चढाची होती. दोन्ही बाजूंना चुन्याचा थेंबही न वापरता रचलेली दगडी कुंपणं, आणि दगड असे बसवलेले, की मधे पोस्टकार्ड जाऊ नये. कापलेल्या गवताचा गोड वास सुटला होता. मेंढ्या आमच्याकडे पाहुण्यांकडे बघावं तशा बघत होत्या. मी धापा टाकत होतो आणि बायको पुढे चालली होती.

फाटकापाशी मी माझं काम सुरू केलं. दोन पावलं डावीकडे, थोडं मागे, मग थोडं खाली वाकून. आणि एका क्षणी पूल, चक्की, टेकडी सगळं आपापल्या जागी येऊन बसलं. माझ्या अंगावर काटा आला. मी तिला खांद्यांना धरून तिथे उभं केलं. कॅलेंडरच्या फोटोग्राफरने चांगली जागा निवडली होती, त्याला मनोमन सलाम केला.

"पूल," ती म्हणाली. "चक्की. टेकडी." मग तिने समोर बघितलं. मान इकडे केली, तिकडे केली, हनुवटी वर केली, खाली केली. बराच वेळ गेला.

"मला मधे नुसतं हिरवं दिसतंय," ती हळूच म्हणाली. "माझ्या रंगासारखं. ते डोळ्यांमुळे आहे की खरंच आहे, तेच कळेना. सांगा ना, काय आहे तिथे?"

मी बघितलं. घरं सगळी कडेकडेने, दारं आतल्या बाजूला, आणि मधे मोठं मोकळं गवत. बाकी काही नाही. सकाळी आम्हीच त्यावरून चालत गेलो होतो. एवढं रान तुडवून आलेल्या बाईला सांगायचं काय, तर गवत? आयुष्यभर मी लोकांच्या फोटोतल्या पुटकुळ्या पुसल्या. एक विहीर खपवायला मला जड गेलं नसतं. पण तिच्याशी तसलं कधी जमलं नाही.

"गवत आहे गं," मी म्हणालो. "मोकळंच आहे."

"माझं मन राखायला बोलताय."

"शपथ."

"तिथे ना?" घरमालकीण मधेच म्हणाली. "तिथे कधीच काही नव्हतं बाई. आमच्या आज्यांच्या आज्यांनीसुद्धा ते मोकळंच ठेवलं. कुणी कोपरा दाबायला बघितला, की अख्खं गाव अंगावर जायचं. सगळ्यांना दारात उभं राहून सगळे दिसले पाहिजेत, असं म्हणायचे."

बायको हसायला लागली, ती फाटकाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे मी बरोबर काढलं होतं! इतकी वर्षं जिवाला लावून घेतलं, आणि बरोबर काढलं होतं!"

मीही हसलो. मला तिचा इतका अभिमान वाटला, की घरमालकिणीला उगाचच सांगून टाकलं, "हिने रंगवलंय ते."

डोळे पुसून ती म्हणाली, "आता जा बरं खाली. मधे उभे राहा."

"मी? आणि इथे तुझ्याजवळ कोण?"

"या आहेत ना. आपल्या अख्ख्या शहराला उभं केलंत तिथे. तुम्ही तेवढे राहिलात. कायम आपले कॅमेऱ्यामागे. मला एकदा बघू द्या."

गुडघ्यांना शिव्या घालत मी उतरलो. गवताच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. हातांचं काय करायचं ते कळेना. सगळ्या गिऱ्हाइकांना मी ते शिकवलं होतं, स्वतःवर वेळ आली तर दोन्ही हात परके झाले. वर फाटकापाशी तिची साडी ओळखू येत होती.

"हात हलवा!" ती ओरडली. मी दोन्ही हात हलवले.

ती सरळ माझ्याकडे बघत होती, म्हणजे मी तिला दिसत नव्हतो. मग तिने हळूहळू मान वळवली, पार पुलापर्यंत, आणि तिथेच थांबली. तिचा हात वर गेला. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, ही बाई नवऱ्याकडे तोंड फिरवून उभी आहे. मी शर्ट नीट केला, पाठ ताठ केली आणि श्वास रोखून, जराही न हलता उभा राहिलो, तिचं पोटभर बघून होईपर्यंत.