आनंदीचा डावा हात

मित्रांनो, मी एक जुना धोटा आहे. हातमागावर आडवा धागा पोटात घेऊन उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे पळणारा तो मी. माझा आकार लहानशा डोंग्यासारखा आहे आणि दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या आहेत. त्यामुळे मला पुढचे टोक नाही आणि मागचेही नाही. डावीकडून पळालो तर उजवीकडे पोचतो, उजवीकडून पळालो तर डावीकडे. दोन्ही प्रवास मला सारखेच. माणसांच्या घरात मात्र डाव्या-उजव्यात फार मोठे अंतर असते, हे मला एका मुलीच्या हातामुळे कळले.

लांजीच्या महागू सुताराने मला शिसवीच्या लाकडातून घडवले. तासून, घासून, तेल पाजून त्याने मला इतके गुळगुळीत केले की रेशमाचा धागासुद्धा माझ्या अंगावर अडकत नसे. छप्पन साली, थंडीच्या दिवसांत, वारासिवनीच्या बाजारात दुलीचंद विणकराने मला निवडले. तो नुकताच नागपूरहून दीक्षा घेऊन आला होता. घरातले देव त्याने नदीत सोडले होते. अंगात येणे, नवस, गंडेदोरे, सगळे बंद केले होते. "जुनं सारं सोडलं," असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगे. नव्या आयुष्याला नवा धोटा, म्हणून मी त्याच्या मागावर आलो. माग विणकरांच्या सोसायटीचा होता. घरात विणणारा असेल तोवर तो त्या घरात राहणार, अशी बोली होती.

दुलीचंदची मुलगी आनंदी तेव्हा एवढीशी होती. विणकर पाय सोडून बसतो त्या मागाच्या खड्ड्यात उभी राहिली की फक्त तिचे डोळे वर दिसत. ती सगळे काही डाव्या हाताने करी. एकदा घरी पाहुणे आले. आनंदीने धावत जाऊन पाण्याचा लोटा पुढे केला, तोही डाव्या हाताने. दुलीचंदची आत्या गोदाबाई हिने हात मागे घेतला.

"डाव्या हातानं पाणी देते व ही पोरगी! उद्या सासरी गेली तं आपल्या साऱ्यायचं नाव काढल."

आनंदीची आई तुळसाबाई शरमली. पाहुणे गेल्यावर तिने लुगड्याच्या लाल काठाची एक चिंधी घेतली आणि आनंदीचा डावा हात कमरेशी बांधून टाकला. लेकीला कोणी हसू नये, एवढेच तिच्या मनात होते. घरातले देव नदीत गेले, पण ही गाठ राहिली.

दीड-दोन वर्षांनी चिंधी सुटली. बांधणारी विसरलीसुद्धा. पण आनंदीचा डावा हात आपणहून पदराखाली जाऊन बसू लागला. उजव्या हाताने ती भात वाढी, झाडलोट करी, आणि सगळे थोडेसे वेडेवाकडे होई.

मित्रांनो, मला पळवण्यासाठी मागावर एक दोरी असते आणि तिच्या टोकाला लाकडी मूठ. विणकर एका हाताने मुठीला झटका देतो की मी पळतो. दुसऱ्या हाताने तो फणी पुढे ओढून धागा घट्ट बसवतो. आमच्या मागाची मूठ उजव्या अंगाला बांधलेली होती, कारण दुलीचंद उजवा होता. आनंदी थोडी मोठी झाल्यावर हौसेने मागावर बसली. तिने उजव्या हाताने झटका दिला. तो इतका वाकडा बसला की मी वाट सोडून उडालो आणि थेट पाण्याच्या मडक्यावर आदळलो. मडके फुटले. दुलीचंद पोट धरून हसला.

"तुया हातात माग नाई, बेटा. तू आपल्या सुताच्या कांड्या भर."

त्याने ते मायेने म्हटले आणि संध्याकाळपर्यंत तो विसरूनही गेला. आनंदी विसरली नाही. त्यानंतर कोणी "बसतेस का मागावर?" असे विचारले की ती चटकन म्हणे, "मले जमत नाई. माया हातात मागच नाई." जणू कोणी तिला तिचे नाव विचारले आहे आणि ती सांगते आहे.

वर्षे गेली. दुलीचंद वारला. आनंदीचा मोठा भाऊ तेजराम मागावर बसू लागला. त्याचे कापड चांगले निघे. तुटलेला धागा असा सांधलेला असे की गाठ हाताला लागत नसे. बाजारात लोक त्याची तारीफ करत आणि तो मिशीवर हात फिरवत घरी येई.

मग भरवेलीच्या खाणीत तेजरामला काम लागले. ही बातमी सोसायटीपर्यंत पोचली आणि माग तपासणारे प्रेमलालबाबू सायकलवरून आले.

"देखो तुळसाबाई, तेजराम चालला खाणीत. मागावर कोण बसणार?"

तुळसाबाई पदराला हात पुसत पुढे आली.

"महिनाभरात या मागावर एक लुगडं विणून दाखवा. नाही तर माग दुसऱ्या घरी द्यावा लागेल. मेरे हाथ में कुछ नहीं है."

ते गेल्यावर आनंदी माझ्यासमोर येऊन बसली. माझ्या पोटातल्या कांड्यांवर सूत गुंडाळून भरणे एवढेच तिचे काम होते आणि ते मागामुळे होते. "माग गेला तं या घरात मी कशाले हाय, माय?" ती म्हणाली. 

तेजराम पहिल्या सुट्टीला आला तेव्हा तिला शिकवायला बसला. आनंदी उजव्या हाताने मूठ झटके आणि मी कधी अर्ध्या वाटेत अडकून राही, कधी बाहेर उडे. एकदा तर तेजरामच्या गुडघ्यावर जाऊन बसलो.

"अवं, मले मारतेस काय? खाणीतले दगड बरे यापरीस!"

त्या झटक्याने चार-पाच उभे धागे तुटले. आनंदी डोळे पुसत पुढे वाकली. एवढ्यात पदराखालून तिचा डावा हात निघाला. बोटे क्षणभर धाग्यांवर फिरली आणि धागे होते तसे जुळले. तेजरामने त्या धाग्यांवर बोट फिरवून पाहिले.

"थांब. हे गाठ कोण मारली?"

"मीच. रोजच तं मारतो."

"म्हंजे मी जेवाले उठलो की तू...?"

"हौ."

"कोणत्या हातानं?"

आनंदीने डाव्या हाताकडे पाहिले, जणू चोर सापडला आहे. तिने तो पटकन पदराखाली घेतला. तेजराम मोठ्याने हसला.

"घ्या! सारा बाजार म्हणते तेजरामच्या कापडात गाठ सापडत नाई. म्हंजे मी इतके दिवस फुकटच मिशीले ताव देऊन राह्यलो होतो!" मग तो गंभीर झाला. "आनंदी, मूठ डाव्या अंगाले बांधू. झटका डाव्यानं दे, फणी उजव्यानं ओढ."

"उलटा माग?" तुळसाबाई चुलीजवळून ओरडली. "काई नको. लोकं काय म्हणतील!"

आनंदी खड्ड्यातून वर आली नाही. तिने हात पदराबाहेर काढला आणि मागाच्या लाकडावर ठेवला. इतक्या वर्षांत तो हात असा उघडा, निवांत ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"माय, बाबानं नागपूरहून येऊन घरातले देव नदीत सोडले. गंडेदोरे सोडले. मंग माया हात तेवढा काहून बांधून ठेवला?"

चुलीतले लाकूड तडतडले. तुळसाबाईने लेकीच्या हाताकडे पाहिले. मग ती उठली, मागाजवळ आली आणि मुठीच्या दोरीची गाठ सोडू लागली. जुनी गाठ होती, तेल आणि धुळीने दगडासारखी झालेली. बोटांनी सुटेना तेव्हा तिने दातांनी ओढली. गाठ सुटली. तुळसाबाईने मूठ डाव्या अंगाला बांधली, ओढून पाहिली आणि म्हणाली, "बस. आता उठू नको."

आनंदीने डाव्या हाताने झटका दिला.

मित्रांनो, मी पळालो! इतक्या वर्षांत माझ्या अंगावर असा झटका बसला नव्हता. सरळ, हलका आणि नेमका. पलीकडे पोचलो तो परत बोलावणे आले. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. लगेच सगळे जमले असे मात्र समजू नका. उलट्या मागावर कसे बसायचे हे दाखवणारे कोणी नव्हते. पाय आणि फणी यांचा मेळ चुके, काठ लाटेसारखा वळे. आनंदी विणलेले उसवी आणि पुन्हा विणी. पण आता ती "जमत नाई" म्हणत नव्हती. "हे चुकलं," म्हणे आणि चूक शोधे. हळूहळू घरातून एकसारखा खटखट आवाज येऊ लागला. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारत, "तेजराम सुट्टीवर आला का?"

ठरल्याप्रमाणे प्रेमलालबाबू आले. त्यांनी लुगड्याचा काठ दोन बोटांत धरून सगळा सरकवला. तेजराम त्या दिवशी घरीच होता.

"वा तेजराम, एक नंबर! जाता जाता चांगलं विणलंस."

"मी तं भरवेलीले होतो, बाबू."

"मग कोणी विणलं?"

आनंदी पुढे आली. "मी विणलं," ती म्हणाली. थोडी थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "डाव्या हातानं."

प्रेमलालबाबूंनी चष्म्यावरून पाहिले. "बाई, हात तुमचा कोणताही असो. सोसायटीला काठ सरळ पाहिजे. आणि तो सरळ आहे." माग त्याच दिवशी आनंदीच्या नावावर झाला.

पुढे आनंदीच्या लुगड्यांना बाजारात मागणी आली. गल्लीतल्या मुली तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या. मूठ कोणत्या अंगाला बांधायची हे ती आधी त्यांचे हात पाहून ठरवी. आणि तुळसाबाई दारात बसून सांगे, "उलटा माग आहे आमचा, पाहून घ्या!"

मी झिजलो. एका टोकाशी चीर गेली, तेव्हा आनंदीने मला पुसून कोनाड्यात ठेवले आणि नवा धोटा घेतला. मला त्याचे वाईट वाटत नाही. इथून माग छान दिसतो.

परवाचीच गोष्ट. तेजरामची धाकटी लेक चंपा रांगत कोनाड्याखाली आली, भिंतीला धरून उभी राहिली आणि तिने मला ओढून घेतले. डाव्या हाताने. घरात पाहुणे होते. खूप म्हातारी झालेली गोदाबाईही होती. तिने सवयीने तोंड उघडले, "अवं, डाव्या..."

तुळसाबाईने तिला पुढे बोलू दिले नाही.

"घेऊ द्या, आत्याबाई. त्याच हातानं या घरात माग राह्यला."

चंपाने माझे टोक तोंडात घालून चावून पाहिले आणि खिदळली.

मित्रांनो, जुन्या धोट्याला कोनाडा पुरतो, कधीमधी तेलाचे बोट मिळाले तर आणखी बरे. माझे मागणे तुमच्यासाठी आहे. "तुला हे जमणार नाही," असे कोणी तुम्हाला लहानपणी म्हटले असेल, तर तो म्हणणारा कदाचित ते कधीच विसरला असेल. पदराखालचा हात बाहेर काढा. मूठ आपल्या बाजूला बांधून घ्या. आणि द्या झटका!