नांग्या

"वहिनी, वीटभट्टीवाल्याला उद्या बोलावतो," बांधावर बसून शेंगदाणे फोडत धाकटा दीर म्हणाला. "मुळांना गाठी निघाल्या की माती त्याची. ठरलंय आपलं."

"ठरलंय," थोरली म्हणाली. कुणी 'ऊन पडलंय' म्हणावं, तसं.

वावरात सूत्रकृमी माजले होते. डोळ्यांना न दिसणारा किडा, पण मुळांत शिरला की मण्यांसारख्या गाठी करायचा आणि ऐन बहरात टोमॅटोचं झाड मान टाकायचं. नवरा ह्याच मातीशी झगडता झगडता मागच्या हिवाळ्यात गेला. तेव्हापासून थोरली म्हणजे चालतं लाकूड. हात तेवढे आपले आपण राबायचे.

शेवटचा उपाय म्हणून संशोधन केंद्रातल्या बाईंनी जनुक बदललेली रोपं लावली. "ह्या मुळाचा रस प्यायला की किड्याची भूकच मेली समजा."

"मग आमच्या भावजींनाही पाजा थोडा," थोरली बोलून गेली. सगळे हसले. ती सोडून.

बाईंनी एकच गोष्ट बजावली होती. "रोप मेलं तर मरू द्या. त्या जागी दुसरं लावून नांग्या भरायच्या नाहीत."

आज बाईंनी पहिलं झाड उपटलं. मुळं कशी, नुकत्या विंचरलेल्या केसांसारखी! दुसरं उपटलं. गाठीच गाठी.

"झालं!" दिरानं टरफलं झटकली. "ओवा आता माळा!"

"थांबा. ही चिंधी कसली?" बाई म्हणाल्या.

मुळांच्या जाळ्यात निळ्या चौकड्याचा टेरिलीनचा तुकडा अडकला होता. थोरली बघतच राहिली. नवऱ्याचा सदरा. महिनाभर पेट्या उपसून ती तोच शोधत होती.

रांगेत खळगा दिसला की नवरा ओरडायचा, "दात पडल्यासारखी दिसतेय रांग, भर आधी!" हातांनी ऐकलं होतं. तिच्या नकळत सदरा फाडून, घरची साधी रोपं ओल्या चिंध्यांत गुंडाळून आणली होती नि चिंधीसकट लावलीही होती.

"नांग्या मी भरल्यात, बाई."

"कुठं कुठं?"

"ते हातांना विचारा."

"अहो, एका चिंधीनं काय सिद्ध होतंय?" दीर म्हणाला. "भट्टीवाला थांबायचा नाही."

"मग उपटा सगळी."

"वहिनी, फुलं लागलीत!"

"उपटा."

तिघंही वाकले. स्वच्छ, स्वच्छ, गाठी. गाठी निघाल्या की त्याच चौकड्याची चिंधी असायचीच. ऊन कलेपर्यंत एकही चुकली नाही. किडा तिथंच होता आणि शेजारच्या नव्या मुळांना त्यानं शिवलंसुद्धा नव्हतं.

दिरानं कपाळाचा घाम पुसला आणि भट्टीवाल्याला फोन लावला. "येऊ नको बाबा. माती आमची आम्हाला हवीय."

बांधावर फुलांसकट झाडं सुकत पडली होती. वावरात एक रोप उभं नव्हतं.

"जिंकलो म्हणायचं, वहिनी. पण बघा की, सगळं वावर म्हणजे एकच नांगी झाली!"

 थोरली चिंध्या पाटाच्या पाण्यात धूत होती, पिळून मांडीवर एकीला एक जोडून बघत होती. बराच वेळ.

"भावजी," शेवटी ती म्हणाली, "कॉलर नाही सापडली."