विसरलेला हातचा

पत्र्याच्या दारावर थाप मारायला उचललेला ताईचा हात तसाच वर राहिला. आत तिच्या वर्गातली भिंगरी बोलत होती.

"आकडे नीट मांडायचे. हातचा मात्र विसरायचा. आणि विसरलो की डोकं खाजवायचं. हसतोस काय रे? दात पाडीन!"

"पण मला येते की बेरीज," एक बारीक आवाज कुरकुरला.

"सगळ्यांनाच येते. ताईंच्या आधीच्या दादाला दाखवली होती ना करून? तयार झालात म्हणाला, टाळ्या वाजवल्या, फोटो काढला आणि गेला. दुसऱ्या रविवारी आपण परत पुठ्ठे दुमडायला."

ताईनं उचललेला हात खाली घेतला. कॉलेजच्या सेवा योजनेतून ती दर रविवारी या खोक्यांच्या कारखान्यात शिकवायला यायची. शेजारच्या खोलीत मुलांच्या आया पुठ्ठ्यांचे खोके दुमडत. मुलंही एरवी त्याच कामाला जुंपलेली असत. शिकवणीपुरती त्यांना सूट होती, कॉलेजनं मालकाकडून तसं कबूलच करून घेतलं होतं. हातचा शिकवता शिकवता ताई मेटाकुटीला आली होती. नुसतं पालथ्या घड्यावर पाणी, असं ती घरी आईला सांगायची. आणि घडा तर काठोकाठ भरलेला होता! तिला राग यायला हवा होता. पण डोकं नुसतं बधिर झालं होतं.

"बाहेर काय उभी? चल आत," मागून सरांचा आवाज आला.

कॉलेजची ही योजना सरच चालवत आणि आज ते वर्गाची तयारी पाहणार होते. तयार झालेला वर्ग बंद करून दुसरीकडे नवा सुरू करायचा, ही त्यांची रीत. चांगला शेरा मिळावा म्हणून तर ती आज लवकर आली होती.

सरांनी फळ्यावर बेरीज लिहिली. मुलं एकेक करून पुढे आली, हातचा विसरली, डोकं खाजवत जागेवर जाऊन बसली. सगळं इतकं बेमालूम की शंकाही येऊ नये. इतके महिने तिनं हेच पाहिलं होतं आणि हेच खरं मानलं होतं.

सर तिच्याकडे वळले.

"काय गं, हे शिकवलंस? साधा हातचा नाही कुणाला येत! रविवारी इथे येऊन करतेस काय? वेळ घालवतेस?"

तिनं तोंड उघडलं असतं तर ती सुटली असती. तिनं ओठ घट्ट मिटले. डोळे मात्र भरून आलेच, आणि ते मुलांनी पाहिलं.

"ताईंना बोलू नका."

भिंगरी उठली होती. ताईनं तिच्याकडे पाहून मान हलवली, नको. भिंगरी थबकली. ताईला सगळं ठाऊक आहे, हे तिला तेव्हा कळलं असावं. तरी भिंगरीनं पुढे येऊन सरांच्या हातातून खडू घेतला, हातचा वर मांडला आणि बेरीज पुरी केली. तिच्याखाली आणखी एक लिहिली, सरांच्यापेक्षा मोठी. तीही सोडवली. मागून बाकीची मुलं उठली आणि एकेकानं हातचा मांडून दाखवला.

सर एकदम खुलले.

"म्हणजे पोरं घाबरली होती होय! वा, वा, वर्ग तर तयार आहे. वाजवा टाळ्या!" त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "चला, फळ्यापाशी उभे राहा सगळे."

"सर, अजून वजाबाकी राहिलीय, गुणाकार..." ताई घाईघाईनं म्हणाली.

"अगं, वीटभट्टीवरच्या पोरांना अक्षराची ओळख नाही. पुढच्या रविवारपासून तिकडे जा. नाव काढलंस हो!"

सगळ्यात लहान पोरानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. भिंगरीनं त्याचे हात धरले.

फोटो काढून झाला. शेजारच्या खोलीतून मुकादमानं हाक दिली, "संपली का गं शाळा?"

"संपली," भिंगरीनं ओरडून सांगितलं.

तिनं फ्रॉकला हात पुसले, उरलेला खडू ताईच्या मुठीत ठेवला आणि हळूच म्हणाली, "रडू नका ताई. तुम्ही चांगलं शिकवता."

मग लहान्याला पुढे घालून ती पुठ्ठे दुमडायला गेली.