डबीवरची पिशवी

करंजखिंडीच्या सरकारी धान्य गोदामाचं शटर अर्धं वर गेलं होतं आणि हमालांचा मुकादम नाथाजी बाहेर तंबाखू मळत उभा होता. आत गव्हाच्या थप्प्यांना किडीच्या गोळ्या घातलेल्या. त्यांचा गॅस कीड मारतो, तसा माणूसही मारतो. आजवर गोदाम दिवसभर सताड उघडं ठेवायचं, मगच माणूस आत जायचा. आता दाराशी आतल्या भिंतीवर डबी बसली होती. गॅस, ओल, गरमी सगळं ती हुंगणार आणि जिल्ह्याला साहेबांच्या पडद्यावर दाखवणार.

गोदामपाल संयोगिता मॅडमांनी फोन ठेवला. "साहेब म्हणतायत गॅस शून्य, सगळं हिरवं. नाथाजी, घ्या भरायला. रेशनच्या गाड्या ताटकळल्यात."

"आवं मॅडम, जरा वारं खेळू द्या की."

"साहेबांना तुम्ही सांगता?"

कोणीच सांगत नव्हतं. तिथंच तर सगळं सडलं होतं.

नवं लगीन झालेल्या गड्यानं पहिलं पोतं उचलायचं, ही टोळीची रीत. धुळा टॉवेल गुंडाळून शटरखालून आत गेला.

नाथाजीनं सहज शटरखालून वर पाहिलं आणि तंबाखू तळहातावरच राहिली. डबीवर प्लॅस्टिकची पिशवी होती, रबर लावून घट्ट. त्यानंच घातलेली. गहू उतरताना धुरळा उडत होता, महागाची वस्तू खराब होऊ नये म्हणून. घरी टीव्हीच्या रिमोटला घालतो तशी. काढायची राहिली. डबी पिशवीतलीच हवा हुंगत होती.

डबीला हात लावला तर टोळीचा ठेका रद्द, असं साहेबांनी बजावलं होतं. सगळ्या टोळीची चूल त्या ठेक्यावर. गप बसलं तर? येईलच की धुळा एवढ्यात.

आत धुळा खोकला.

"धुळा, भाईर ये रं."

"का मुकादम, पोतं चावतंय व्हय?" आवाज हसरा, पण ओढलेला. मग पोतं पडलं. मग काहीच नाही.

नाथाजी श्वास कोंडून घुसला. धुळाला बगलेत धरून फरफटत लिंबाखाली आणला. धुळा भडाभडा ओकला. ओकतोय म्हणजे जिता हाय.

"पण पडद्यावर शून्य आहे," मॅडम पुटपुटल्या.

नाथाजीनं बांबू उचलला आणि दारातूनच पिशवी ओरबाडली. डबी बोंबलायला लागली.

लगेच मॅडमांचा फोन वाजला. साहेबांचा आवाज फोनबाहेरपर्यंत आला, "डबीला हात कोणी लावला?"

माणूस जगला का मेला, हे त्यांनी विचारलं नाही.

"सर, ते वायर जरा सैल..." मॅडम सुरू झाल्या. नाथाजीनं फोन हातातून घेतला.

"मी लावला. पिशवीबी मीच घातली हुती. ठेका काढायचा तर काढा. पर हिरवं दिसतंय म्हणून पुन्यांदा कुणाला आत घालायचं आसंल, तर पयलं पोतं तुमी येऊन उचला."

तिकडून साहेब काहीतरी बोलत होते. मॅडमांनी फोन परत घेतला, साहेबांना मधेच तोडलं आणि एकशे आठला लावला.