धुक्यातला होकार

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी बंगळूरच्या मराठी मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष सुब्बारावांनी अट घातली. मुलांच्या हिवाळी शिबिराची जागा गिरीधर आणि स्मिता यांनी मिळून ठरवायची. दोघांचा होकार असेल तीच जागा, आणि तिथे मुलीही रात्री राहतील. नाताळच्या आधीच्या बैठकीपर्यंत एकमत झालं नाही, तर जागा मंडळ बघेल आणि शिबिर जुन्या पद्धतीने होईल. म्हणजे मुलगे तंबूत राहतील आणि मुली संध्याकाळच्या बसने घरी परततील.

"म्हणजे एकाने नाही म्हणत राहिलं तरी पुरे," स्मिता म्हणाली.

"तेवढं मला जमतं," गिरीधर म्हणाला.

सुब्बारावांनी चष्मा पुसला. त्यांना दोघांपैकी कुणाचंच बोलणं आवडलं नव्हतं.

गिरीधरचं घराणं बंगळूरमध्ये पाच पिढ्यांचं. यशवंतपूरच्या बाजारात त्याचं ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान होतं. शिबिराचे तंबू त्याच्याच दुकानातून जात, त्यामुळे शिबिरही त्याचंच आहे असं सगळे धरून चालत. स्मिता पुण्याहून नवऱ्याच्या बदलीबरोबर आलेली, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारी, कॉलेजपासून सह्याद्रीत भटकलेली. आदल्या वर्षी तिची मुलगी शाल्मली शिबिराला गेली होती. शेकोटी पेटवायच्या वेळेला तिला बसमध्ये बसवून परत पाठवलं गेलं. घरी येऊन तिने सॅक कोपऱ्यात फेकली आणि मी पुन्हा जाणार नाही असं जाहीर केलं. स्मिताने मंडळात अर्ज केला, आयांच्या घरी जाऊन आली, आणि शेवटी सुब्बारावांना अट घालण्यापर्यंत आणलं. आता तिला फक्त एक जागा हवी होती.

जागा हवी होती कारण जुनी गेली होती. शहराच्या वायव्येला, हुणसेकेरे नावाच्या मोठ्या तलावाच्या दक्षिण काठावर, वर्षानुवर्षं शिबिर भरत असे. त्या जमिनीला यंदा कुणीतरी कुंपण घातलं आणि आत रिसॉर्टचं बांधकाम सुरू केलं.

स्मिताने रामनगरच्या बाजूची एक जागा सुचवली. गिरीधर म्हणाला, तिथे दारूचं दुकान जवळ आहे. तिने कनकपुरा रस्त्यावरचं एका ओळखीच्याचं शेत सुचवलं. गिरीधर म्हणाला, शेतात साप असतात.

"आणि तुमच्या तलावावर काय, बदकं होती फक्त?" स्मिताने फोनवर विचारलं.

"साप होते. पण रात्री मुली नव्हत्या," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

शेवटी तिने हुणसेकेरेचाच उत्तर काठ बघायचं ठरवलं. तलाव सगळ्यांच्या ओळखीचा, बसचा रस्ता तोच, मग नाही म्हणायला कारण काय देणार? शनिवारी पहाटे गिरीधरच्या मारुती व्हॅनमधून दोघं निघाली. मागच्या सीटवर गिरीधरची थोरली बहीण तुंगाबाई शाल गुंडाळून बसली होती. ती शिबिराचा स्वयंपाक सांभाळायची. एका बाईबरोबर एकट्याने जाणं बरं दिसत नाही, म्हणून गिरीधरने तिला आणलं होतं.

"मला कशाला ओढून आणलं असेल, सांग बरं," तुंगाबाई स्मिताला म्हणाली. "ह्याला तुझी भीती वाटते."

"अक्का, स्वल्प गप्प बस," गिरीधर म्हणाला.

तलावाच्या बांधावर पोचली तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पाणी कुठून सुरू होतं तेही कळत नव्हतं. गिरीधरने दिवे चालू ठेवूनच गाडी उभी केली. तुंगाबाईने खाली उतरायला साफ नकार दिला. तिला सर्दी होती.

दोघं काठाने चालत उत्तरेकडे गेली. एका बाजूला निलगिरीची झाडं होती, पण तीही बुंध्यापुरतीच दिसत होती. स्मिता पुढे, गिरीधर मागे. चिखलात तिचा बूट रुतला तेव्हा तो म्हणाला, "पुण्यात चिखल नसतो वाटतं."

"असतो. पण तिथे लोक हात देतात."

"मग तिथेच राहायचं."

थोड्या वेळाने पायाखालची जमीन कोरडी आणि सपाट झाली. आखूड गवत, खडे नाहीत, उतार पाण्याकडे अगदी बेताचा. स्मिताने बुटाच्या टाचेने जमीन दाबून पाहिली. खुंटी ठोकायला जितकी नरम हवी तितकीच नरम. पाणी जवळ, पण ओल नाही. पुढे धुक्यात गवतावर काही दगड मांडलेले दिसले. एक इथे, एक तिथे, साधारण सारख्या अंतरावर.

"हे बघा," ती म्हणाली. "चुलीचे दगड. आधीही लोक राहून गेलेत इथे. आमच्याकडे किल्ल्यांवर अशीच जागा शोधतात. दगड दिसले की समजायचं, जागा चांगली आहे."

गिरीधर थांबला. ते दगड कशाचे आहेत हे त्याला ठाऊक होतं. तलावापलीकडच्या गावात माणूस गेला की जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरतात ते ह्या काठावर. माती हळूहळू बसते, वर गवत येतं, उशाशी ठेवलेला दगड तेवढा राहतो. ज्याच्या घरात माणसाला अग्नी देतात, त्याच्या डोक्यात चुलीपलीकडे काही येणार नाही, हेही त्याला त्या क्षणी कळलं.

त्याने खिशातून हात काढला, जमिनीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"सरी," तो म्हणाला. "चालेल ही जागा."

"काय?"

"चालेल म्हटलं. कन्नडमध्ये सांगू का? माझा होकार आहे."

"नक्की? गाडीत बसल्यावर बदलणार नाही ना?"

"अक्कासमोर सांगतो, हवं तर."

आणि गाडीत बसल्यावर त्याने खरोखरच तुंगाबाईला सांगितलं की जागा ठरली, उत्तर काठ, निलगिरीच्या खालचं मैदान. तुंगाबाईने काच खाली केली, धुक्यात बघितलं, पण तिला काहीच दिसलं नाही. "कुठलं मैदान?" तिने विचारलं. "आहे," तो म्हणाला आणि गाडी वळवली. तुंगाबाई नाक पुसत मागे वळून काठाकडे बघत राहिली.

त्याचा बेत साधा होता. बैठकीत स्मिता जागा जाहीर करील. मग तो उठून सांगेल की धुक्यात आपल्याला दिसलं नाही, पण नंतर जाऊन पाहिलं तर ती दफनभूमी निघाली. मुलांचे आईवडील समोर असतील. त्यानंतर स्मिताला कुणी जागा ठरवू देणार नाही, आणि मुलींच्या रात्रीचा विषय कायमचा मिटेल.

बुधवारी स्मिताने रजा काढली आणि नवरा उल्हासला घेऊन दुपारी तलावावर गेली. कुठला तंबू कुठे, हे तिला खुणा करून ठरवायचं होतं. धुकं नव्हतं. लख्ख उन्हात पलीकडचं गाव, रिसॉर्टचं कुंपण, मासेमारीच्या, टोपलीसारख्या गोल होड्या, सगळं दिसत होतं. उल्हासने एका दगडाजवळ खुंटी धरली आणि हातोडी उचलली.

"ए! ए साब! क्या करते?"

बांधावरून एक माणूस स्कूटर सोडून धावत येत होता. लुंगी, वर जर्किन. तो तलावातल्या माशांचा ठेकेदार होता, नाव मस्तान. त्याने आल्या आल्या उल्हासच्या हातातली हातोडी काढून घेतली.

"हम लोग कँप लगानेवाले हैं," स्मिता म्हणाली. "बच्चों का. रात को सोएँगे इधर."

"यहाँ सोए सो उठते नैं, मैडम," मस्तान म्हणाला. "पूरा गाँव सोया है नीचे. तुम किसकी छाती पे खूँटी मार रे?"

उल्हास उभ्या जागी दोन पावलं मागे सरला आणि मग कुठे पाय ठेवावा हे न कळून तिथेच थांबला. स्मिताने आजूबाजूला पाहिलं. उन्हात ते स्पष्ट दिसत होतं. प्रत्येक दगडापुढे गवताचा लांबट, किंचित खचलेला पट्टा. एका दगडावर वाळलेला झेंडू.

"हमको मालूम नहीं था," ती म्हणाली.

"तुमको नैं मालूम. उस अण्णा को तो मालूम है, ताडपत्रीवाले को. तुम उनकेच लोग ना? पिछले साल बच्चे गेंद लेके खेलते खेलते इधर तक आए, तो कैसा चिल्लाया वो! एक बच्चे का कान पकड़के लेके गया. बोला, कबर पे पाँव रखते क्या."

मस्तानने हातोडी परत दिली. जाताना त्याने बांधाच्या पश्चिम टोकाकडे बोट केलं. तिथे त्याची जाळी वाळवायची उंच जागा होती, दोन विजेचे दिवे होते, हातपंप होता. "वहाँ लगाओ. मगर मेरे पानी में बर्तन नैं धोने का. और वापस इधर दिखे तो गाँववालों को बुलाता मैं."

परतताना गाडी चालवता चालवता उल्हास म्हणाला, "आज संध्याकाळी त्याला फोन कर. सांग की कळलं, जागा बदलू."

"नाही."

"अगं, मीटिंगच्या आधी मिटेल."

"मिटवायचं कोणाला आहे? त्याला सगळ्यांसमोर बोलू दे."

"आणि तो गप्प बसला तर? सगळेच गप्प बसले आणि मुलं तिथे जाऊन झोपली तर?"

"तो गप्प बसणार नाही. त्यासाठीच तर त्याने हो म्हटलंय."

रविवारी बैठकीला मल्लेश्वरमच्या हॉलमध्ये नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. स्मिता उठली आणि तिने सांगितलं, हुणसेकेरेचा उत्तर काठ, निलगिरीच्या खालचं मैदान. मस्तानच्या जागेबद्दल ती बोलली नाही. जुन्या घरांतल्या दोन-तीन जणांनी माना वर केल्या.

गिरीधर उठला. त्याचा आवाज अतिशय शांत होता. "मी होकार दिला होता, हे खरं. पण त्या दिवशी धुक्यात हात दिसत नव्हता. परवा पुन्हा जाऊन आलो. सांगायला वाईट वाटतं, ती दफनभूमी आहे. स्मिताबाईंनी आपल्या मुलींना झोपायला थडग्यांवरची जागा निवडली."

हॉलमध्ये गलका झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "हे असं होतं, नवीन लोकांच्या हाती दिलं की." एक आई उठून उभी राहिली आणि आपली मुलगी येणार नाही असं तिने सांगून टाकलं.

स्मिता गलका ओसरेपर्यंत उभी राहिली.

"गिरीधर अण्णा, तुम्हाला परवा कळलं?"

"परवा."

"मग गेल्या वर्षी मुलं चेंडू घेऊन त्या मैदानात गेली तेव्हा तुम्ही कोणाचा कान धरला होता? माशांचा ठेकेदार सांगत होता."

गिरीधर म्हणाला, "कोण ठेकेदार? काहीही सांगतात लोक."

"नंदूचा कान," पहिल्या रांगेतून तुंगाबाई म्हणाली. ती भावाकडे बघत नव्हती. "कान सुजला होता पोराचा. मी हळद लावली. गिऱ्या, तूच ओरडलास की, थडग्यावर पाय ठेवतोस म्हणून. मला गाडीतच संशय आला होता. पण मला वाटलं, इतका खाली नाही जाणार तू."

गिरीधरने उत्तर द्यायला तोंड उघडलं. धुकं होतं असं म्हणावं, तर दरवर्षी जाऊन तलाव ओळखता येत नाही असं होत होतं. ओळखलं होतं म्हणावं, तर मुलांना तिथे पाठवायला तो तयार होता असं होत होतं. तो खाली बसला.

स्मिताच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. तुंगाबाईने ते पाहिलं.

"आणि तुला केव्हा कळलं ग?" तिने विचारलं.

"बुधवारी."

"घरी फोन आहे ना?"

"आहे."

"आमच्या दुकानात पण आहे. तरी इथे येऊन तू तीच जागा सांगितलीस. आयांच्या पोटात गोळा आणलास, ह्याला पाडायला. ह्याने मुलींना पुढे केलं, तूही मुलींनाच पुढे केलंस."

उल्हास जमिनीकडे बघत होता.

सुब्बारावांनी दुसरी जागा आहे का विचारलं. स्मिताने बांधाच्या पश्चिम टोकाचं सांगितलं, दिवे, हातपंप, भांड्यांची अट, सगळं. या वेळी तिचा आवाज खाली होता. सुब्बारावांनी गिरीधरला विचारलं, हरकत आहे? त्याने मान हलवली. नाही.

"मग शिबिर तिथे," सुब्बाराव म्हणाले. "मुली राहतील. दोघांचा होकार झाला, अट पुरी झाली. पण तुम्ही दोघं त्या बसमध्ये चढायचं नाही. दोघांपैकी कुणाच्याही हाती मी मुलं देणार नाही. तुंगाबाई, तुम्ही बघाल?"

"बघीन," तुंगाबाई म्हणाली. "इतकी वर्षं स्वयंपाक करून मीही मुलींच्याच बसने परत येत होते. रात्रीचा तलाव मी कुठे पाहिलाय?"

नाताळच्या सुट्टीत पहाटे बस यशवंतपूरहून निघाली. गिरीधरने ताडपत्र्या टपावर चढवून स्वतः बांधल्या आणि प्रत्येक गाठ ओढून पाहिली. शाल्मली खिडकीशी बसली होती. तिने आईला हात केला, मग शेजारच्या मुलीशी बोलण्यात ती रमली. तुंगाबाई ड्रायव्हरच्या मागे बसून सगळ्यांना स्वेटर घालायला लावत होती.

बस वळणावर गेली. रस्त्यावर दोघंच उरली. बाजारावर धुकं उतरलेलं होतं आणि रिक्षा दिसत नव्हती.

"तलावावर जास्त थंडी असेल," गिरीधर म्हणाला. "तुमच्या पोरीला सवय नाही."

"तिला सवय होईल. ताडपत्री फाटकी नसली म्हणजे झालं."

"माझ्या दुकानात फाटकी ताडपत्री नसते."

व्हॅनची किल्ली त्याच्या हातात होती. सोडतो असं तो म्हणाला नाही, आणि म्हणाला असता तरी ती बसली नसती. त्याने दुकानाचं शटर उचललं. स्मिता कॉलर वर करून बसस्टॉपच्या दिशेने चालू लागली.