कप्तानाचे नऊ दिवस

"यंत्राचा बाप्तिस्मा झाला होता का?" एउदोसियाने विचारलं.

फाटकाशी उभ्या असलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोपऱ्यावरच्या दुकानाचा मालक क्रिस्पिन टोपी हातात घेऊन आला होता आणि पार्लरवाल्या योकास्ताचे डोळे रडून सुजले होते.

"दोन्या, कुको यंत्रच होता," क्रिस्पिन तिला मानाने हाक मारत म्हणाला. "पण माणसांपेक्षा बरा होता."

"माणसांपेक्षा तर तुझं गाढवही बरं आहे. त्याच्यासाठी ओढते का मी जपमाळ?"

आत स्वयंपाकघरात तिची मुलगी नेरेइदा आलं किसत होती. तिला हसू आलं आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, तीही दुकानातच होती. 'दूरचं बंदर' ही मालिका ती शाळेत जात होती तेव्हापासून सुरू होती. ताऱ्यांमधून वाट शोधत निघालेलं एक जुनाट जहाज, त्याचा कप्तान ऑर्विन, ते चालवणारी सेला, आणि सतत कुरकुरणारं एक यंत्र. यंत्राला मालिकेत भलंमोठं नाव होतं, पण मिचेस गावात सगळे त्याला कुकोच म्हणत. अर्धं गाव दर रविवारी क्रिस्पिनच्या दुकानात टीव्हीसमोर बसे. काल एकाच भागात तिघंही गेले. जहाज फुटत होतं. बाकीच्यांची छोटी होडी सुटावी म्हणून ते तिघं आतून दार धरून राहिले. पडदा पांढरा झाला, आणि बराच वेळ पांढराच राहिला.

दुकानात कुणीतरी बाटली भिंतीवर फेकली. बायका मोठ्याने रडू लागल्या. सुतारकाम करणारा एक दांडगा गडी तांदळाच्या पोत्यात तोंड खुपसून बसला. योकास्ता पार्लरमध्ये एका बाईच्या डोक्याला रंग लावून आली होती, ती परत जायचंच विसरली. त्या बाईचे केस आता गाजराच्या रंगाचे झाले होते.

"कप्तान परत येईल बघा," एकजण म्हणाला. "मागेही मेला होता की."

"तेव्हाचं संगीत वेगळं होतं," क्रिस्पिन म्हणाला आणि त्याने टीव्ही बंद केला. संध्याकाळी दुकानाच्या दारावर काळी फीत लागली होती.

आणि आज ते दोघं एउदोसियाकडे आले होते. गावात कुणी गेलं की नऊ दिवसांची प्रार्थना तीच चालवायची. पांढरी चादर, क्रूस, पेला भरून पाणी, अखंड मेणबत्ती. नवव्या दिवशी सगळं उतरवायचं, पाणी रस्त्यावर ओतायचं, आणि मेलेल्याला सांगायचं, जा आता. लोक म्हणत, एउदोसियाने वाट दाखवली की आत्मा मागे वळून बघत नाही.

"हसतील लोक तुम्हाला," ती म्हणाली.

"हसू देत. इतकी वर्षं दर रविवारी भेटलेत ते आम्हाला. माझा सख्खा भाऊ नाही भेटत इतक्यांदा." योकास्ताने नाक पुसलं. "साधी जपमाळ, दोन्या. कॉफी-बिस्किटांचं मी बघते."

"प्रेत कुणी पाहिलं?"

"प्रेत कसं पाहणार? तिकडे अंतराळात..."

"मग झालं तर. प्रेत नाही, तिथं नऊ दिवस नाहीत. नऊ दिवस केले की घराचं दार लागतं. उद्या परत आला बिचारा, तर जाईल कुठं?"

"दोन्या, अशानं तर लिओन्सिओचेही..." योकास्ता बोलून गेली आणि तिथंच थांबली.

एउदोसियाने एप्रनला हात पुसले, खरं तर ते कोरडेच होते. "घरी जा तुम्ही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

लिओन्सिओ तिचा नवरा, नेरेइदाचा बाप. पोर्तो रिकोत काम मिळेल म्हणून तो इतरांबरोबर लाकडी होडीतून निघाला आणि सामुद्रधुनीत होडी उलटली. एकजण वाचला. त्याने घरी येऊन सांगितलं होतं, "मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो प्लास्टिकच्या डब्याला धरून होता." एउदोसियाने सगळं ऐकून घेतलं होतं आणि म्हणाली होती, "धरून होता ना? म्हणजे बुडाला नव्हता." त्यानंतर तिने गावातल्या कितीतरी मेलेल्यांना वाटेला लावलं. स्वतःच्या घराच्या मागच्या दाराला मात्र तेव्हापासून कडी लागली नव्हती. लिओन्सिओ समुद्रावरून नेहमी त्याच दाराने यायचा. वाऱ्याने ते दार दिवसभर आपटत राही. नेरेइदा औषधांच्या दुकानात नोकरीला लागली, तिचं लग्न ठरलं आणि मोडलं, केसांत पांढरं दिसू लागलं. बापासाठी तिला एकदाही चारचौघांत रडता आलं नव्हतं. आई ज्याची वाट बघते, त्याच्यासाठी रडायचं कसं?

आलं किसून झालं होतं. ती बाहेर आली.

"आई, करू दे ना त्यांना. गोष्टीतलीच माणसं आहेत."

"गोष्टीतली आहेत तर रडतेस कशाला तू?"

"बाबांनी दुकानात नेऊन दाखवलेली आहेत म्हणून."

एउदोसियाने तिच्याकडे पाहिलं आणि ती कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेली.

शनिवारी दुपारी तोच भाग पुन्हा लागणार होता. नेरेइदा निघाली तशी आई चपला घालून दारात उभी. "चल," म्हणाली. "कुणासाठी मागतायत ते तरी बघते."

दुकानात एउदोसिया शिरली तशी माणसं उठून उभी राहिली. रविवारच्या त्या गर्दीत तिने कधी पाय ठेवला नव्हता. तिने सगळीकडे नजर फिरवली.

"कुठं बसायचा तो?"

क्रिस्पिनने फ्रीजशेजारची बिअरची पालथी पेटी दाखवली. लिओन्सिओ गेल्यापासून तिच्यावर दुसरं कुणी बसत नसे, नेरेइदाही नाही. एउदोसिया तिच्यावर बसली, पर्स मांडीवर घेऊन, चर्चमध्ये बसावं तशी. बसायचा, असं आई बाबांबद्दल पहिल्यांदाच म्हणाली होती. नेरेइदा तो शब्द मनात धरून उभी राहिली.

भाग पुढे सरकत होता. एउदोसिया मध्येच विचारायची, "हा कोण? चांगला की वाईट?" आणि चौघं एकदम उत्तर द्यायचे. मग दार धरण्याचा प्रसंग आला. पडदा पांढरा झाला. त्यानंतर सुटलेल्या छोट्या होडीत कप्तानाच्या हाताखालची पोरगी त्याचा कोट खुंटीवरून काढून घडी घालत होती. बाही दुमडायची, पुन्हा उलगडायची.

"त्याला मरताना दाखवलंच नाही," एउदोसिया हळूच म्हणाली.

"नाही."

"मग त्या पोरीला कसं कळलं?"

"तिनं वाट पाहिली, आई. बराच वेळ."

"किती?"

"गोष्टीत ते सांगत नाहीत."

एउदोसिया पडद्याकडे पाहत राहिली. पोरीने कोट शेवटी पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. नावं वर सरकू लागली, तरी आई उठली नाही. मग क्रिस्पिनला म्हणाली, "चादर पांढरी हवी. फुलाफुलांची आणलीस तर मी उठून जाईन. आणि यंत्राचं मी बघते काय करायचं ते."

प्रार्थना दुकानामागच्या अंगणात झाली, रोज दुपारी तीन वाजता. पहिल्या दिवशी पोरं कोपरानं एकमेकांना ढोसून हसत होती. एउदोसियाने चष्म्यावरून नुसतं पाहिलं, आणि ती गप्प झाली. हळूहळू शेजारच्या वस्त्यांतूनही लोक येऊ लागले. एकजण कप्तानाचा गणवेश शिवून घालून आला, घामाने निथळत.

"काढ तो कोट," योकास्ता त्याला म्हणाली, "नाहीतर उद्या तुझेही नऊ दिवस घालावे लागतील."

आल्याचा चहा फिरे, चीज आणि पाव फिरे. आणि मधेच कुणीतरी आपल्याच माणसाबद्दल बोलू लागे, आईबद्दल, न्यूयॉर्कात मेलेल्या भावाबद्दल.

नवव्या दिवशी अंगणात बसायला जागा नव्हती. जपमाळ संपली. आता नावं घ्यायची. एउदोसिया उभी राहिली.

"प्रभू, ऑर्विनला चिरविश्रांती दे."

"निरंतर प्रकाश त्याच्यावर पडो," अंगण म्हणालं.

"सेलाला चिरविश्रांती दे."

"निरंतर प्रकाश तिच्यावर पडो."

"आणि जो शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहिला, तो कुणीही असो, त्याला दे."

क्रिस्पिनने डोळे पुसले. लोक उठायला लागले, कारण आता चादर उतरवायची होती. पण एउदोसिया खाली बसली नाही. जपमाळेचा क्रूस तिने मुठीत घट्ट धरला होता. तिचे ओठ हलले, थांबले.

"प्रभू," ती म्हणाली, "लिओन्सिओ पॉलिनोला चिरविश्रांती दे."

आधी क्रिस्पिनचा घोगरा आवाज आला, त्यामागून योकास्ताचा, मग सगळ्या अंगणाचा. नेरेइदा वाकली आणि मोठ्याने रडू लागली, चारचौघांत. शेजारच्या बाईने न विचारता तिच्या पाठीवर हात ठेवला.

पेल्यातलं पाणी एउदोसियाने पाठमोरी होऊन रस्त्यावर ओतलं. मेणबत्ती विझवली आणि उरलेला तुकडा एप्रनच्या खिशात टाकला.

घरी आल्यावर ती थेट मागच्या दाराकडे गेली. दार ओढून घेतलं, कडी सरकवू लागली. गंज चढलेली कडी जागची हलेना. नेरेइदा पुढे झाली, तशी आईने मानेनेच नको म्हटलं. तिने खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढला आणि कडीवर घासू लागली. मेण अजून कोमट होतं. ती घासत राहिली, मधूनमधून कडी थोडी ढकलून बघत.

नेरेइदाने चुलीवर कॉफी ठेवली. कॉफी वर येत असताना तिला मागून कडी बसल्याचा आवाज आला.

दोन पेले काढले तिने, आणि दार आपटत नसल्यामुळे घर किती शांत आहे ते ऐकत उभी राहिली.